सैन्यात जायचं नसेल तर? गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

मी अठरा वर्षं फौजेत क्लर्क होतो. रजेचे अर्ज, बदल्या, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, म्हणजे लष्करी चौकशीचे कागद, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता डिचोलीत राहतो आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पहाटे धावायला नेतो. मैदानावर सगळे १६०० मीटर धावणं आणि बीमबद्दल, म्हणजे पुल-अप्सबद्दल विचारतात. बूट काढून झाले, बाकीची पोरं पांगली, की एखादा मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "काका, नाही गेलो तर?" पेडणे, सत्तरी, फोंडा, वास्को इथून फोनवरही हेच येतं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावगाव कुणाचंही नाही.

१. भारतात सैन्यात जाणं सक्तीचं आहे का?

नाही. स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करी भरती कधीच झालेली नाही. भूदल, नौदल, हवाई दल, तिन्ही दलांत माणूस स्वतःच्या सहीने जातो. फॉर्म भरला नाही म्हणून घरी नोटीस येत नाही, नोकरी अडत नाही, पासपोर्ट अडत नाही. त्यामुळे सही करण्याआधी आपल्याकडे "टाळायला" काहीच नसतं. कायद्याचा खरा प्रश्न सहीनंतर उभा राहतो. तो प्र. ७ पासून पुढे आहे.

२. पण घटनेत देशाचं रक्षण करणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय ना?

म्हटलंय. कलम ५१(क) मधल्या मूलभूत कर्तव्यांत देशाचं रक्षण करणं आणि बोलावणं आल्यावर राष्ट्रसेवा करणं हे आहे. ही कर्तव्यं पाळली नाहीत म्हणून थेट शिक्षा होत नाही. त्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागतो.

असा कायदा करायची मुभा घटनेने ठेवली आहे. कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं. अट एकच. ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करायचा नाही. १९७२ साली संसदेने राष्ट्रीय सेवा कायदा केला तो इंजिनिअर, डॉक्टर अशा शिकलेल्या लोकांना गरजेला बोलावता यावं म्हणून. तेव्हा "भारतात सक्ती होऊच शकत नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते चूक आहे. होऊ शकते. आज नाही, एवढंच खरं.

३. युद्ध पेटलं तर गावातल्या मुलांना उचलून नेतील का?

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, हा प्रश्न मला एका आठवड्यात इतक्या आयांनी विचारला की मोजायचं सोडून दिलं. भोंगे, मॉक ड्रिल, व्हॉट्सॲपवरचे मेसेज यांनी लोक घाबरले होते. त्या वेळी सरकारने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी बोलावण्याचे अधिकार दिले होते, आणि त्या बातमीचा "आता सगळ्यांना बोलावणार" असा अर्थ लावला गेला.

टेरिटोरियल आर्मीत तेच लोक असतात जे आपला नोकरीधंदा सांभाळून आधीच तिच्यात भरती झालेले असतात. बोलावणं त्यांना येतं, घरी बसलेल्या तुमच्या मुलाला नाही. एक बारकावा मात्र आहे: १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात नंतर घातलेल्या तरतुदीनुसार सरकारी किंवा सार्वजनिक सेवेतल्या ठरावीक वयाच्या कर्मचाऱ्यांवर या सेवेची जबाबदारी टाकता येते. मुलगा सरकारी नोकरीत असेल तर नेमणुकीच्या अटी एकदा नीट वाचून ठेवा.

४. कॉलेजात एनसीसी घेतली की पुढे सैन्यात जावंच लागतं?

नाही. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. कॅडेटवर सैन्यात जायचं कुठलंही बंधन नाही. सर्टिफिकेटचा भरतीत फायदा होतो, एवढंच.

५. परीक्षा दिली, ग्राउंड दिलं, मेडिकलही पास झालो. आता मन मागे घेतंय. नाही गेलो तर गुन्हा होतो का?

होत नाही. रीतसर एनरोलमेंट होईपर्यंत तुम्ही नागरिकच असता आणि लष्करी कायदा तुम्हाला लागू होत नाही. हजर झाला नाहीत तर निवड रद्द होते.

पण नैतिक बाजू आहे, आणि ती मी मुलांना स्पष्ट सांगतो. गोव्याची मुलं कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपला गोवा. साताऱ्याच्या एखाद्या गावातलं पोर तीन वर्षं अनवाणी धावून एका मार्काने मागे राहिलेलं असतं. जायचं नाही हे ठरलं असेल तर त्याच दिवशी भरती कार्यालयाला कळवा. शेवटच्या क्षणापर्यंत गप्प बसलात तर जागा तुमच्या नावावर अडून राहते. नकार द्यायचा हक्क तुमचा आहे, पण तो वेळेत कळवणं हे दुसऱ्याचं तुमच्यावरचं देणं आहे.

६. बाबा माजी सैनिक आहेत. त्यांना मी फौजेत जायलाच हवा आहे. मला नर्सिंग करायचं आहे. मी त्यांचा अपमान करतोय का?

नाही बाळा. तुझे बाबा स्वखुशीने गेले होते म्हणूनच त्यांच्या सेवेला मोल आहे. तीच स्वखुशी तुलाही आहे.

वय अठराच्या आत असेल तर भरतीच्या कागदावर आईवडिलांची सही लागते. म्हणजे ते तुला अडवू शकतात, पण ढकलू शकत नाहीत. तुझी सही त्यांना करता येत नाही. आणि बाबांशी बोलताना "फौज नको" इथून सुरुवात करू नकोस. त्यांना ते त्यांच्या आयुष्यावरचं बोट वाटेल. नर्सिंगचं बोल. जखमी जवानाला पहिल्या तासात काय लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

जी मुलं बापाच्या हट्टासाठी जातात ती पुढे प्र. ९ मध्ये भेटतात. मी पाहिली आहेत. आईवडिलांना माझं हात जोडून सांगणं आहे, असं करू नका.

७. आजार लपवून भरती झालो तर? आणि खोटा आजार दाखवून सुटता येतं का?

जिथे सक्ती आहे तिथे लोक सुटण्यासाठी आजाराचं सोंग करतात. आपल्याकडे खोटं उलट दिशेने बोललं जातं, आत शिरण्यासाठी. किलोभर वजन भरावं म्हणून भरतीच्या सकाळी डझनभर केळी खाऊन वर तांब्याभर पाणी पिणारी मुलं मी पाहिली आहेत. ते एक वेळ चालून जाईल. फिट येण्याचा आजार, जुनं ऑपरेशन, पोलीस केस लपवणं चालत नाही. भरतीच्या वेळच्या प्रश्नांना जाणूनबुजून खोटी उत्तरं दिली तर आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४४ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भरती झाल्यावर सोंग करणं किंवा सेवेला नालायक ठरावं म्हणून स्वतःला इजा करून घेणं याला कलम ४६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र मन खरोखर खचलं असेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर ते सोंग नव्हे. मेडिकल ऑफिसरला तसंच सांगा. फौजेत मानसोपचाराचे डॉक्टर असतात, मेडिकल बोर्ड असतं आणि त्या वाटेने माणसं सन्मानाने बाहेर पडतात.

८. अग्निवीर आहे. चार वर्षांआधी सोडता येईल का?

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्यात ट्रेनिंग धरून चार वर्षांची सेवा असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करतात. मुदत संपण्याआधी स्वतःच्या इच्छेने सोडायला साधारणपणे परवानगी नाही. अपवादात्मक कारण असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने सोडतात. अशा वेळी सेवा निधीतला तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा व्याजासकट मिळतो, सरकारने घालायचा हिस्सा मिळत नाही. पूर्ण मुदतीनंतर मिळणारी सुमारे ११.७१ लाखांची रक्कम डोळ्यांसमोर ठेवून घराचं कर्ज काढलेली कुटुंबं आहेत. हा हिशेब आधी मांडा.

नियमित जवानालाही आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ खाली स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मागता येतो. बाप अंथरुणाला खिळलेला आहे, घरात दुसरा कर्ता पुरुष नाही अशी कारणं ऐकली जातात. अर्जासोबत मामलेदाराचा दाखला, डॉक्टरचे कागद, पंचायतीचं पत्र जोडा. पणजीचं राज्य सैनिक बोर्ड यात मदत करतं. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिथल्या कॅडेटने मधेच स्वतःहून सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च पालकांकडून वसूल होतो. आत जातानाच तसा बाँड लिहून घेतलेला असतो.

९. मुलगा रजेवर आला आणि आता परत जायचं नाही म्हणतो. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिचोली तालुक्यातल्या एका घरी मला बोलावलं होतं. रजा संपून अकरा दिवस झाले होते. ओसरीवर काळी ट्रंक होती, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव. कुलूप लावलेलं, म्हणजे निघायची तयारी झाली होती. मुलगा आत पांघरूण घेऊन पडलेला. आई सांगत होती, पोटात दुखतंय. मी आत जाऊन बसलो. आईने दोघांना पेज दिली, सोबत तोर, म्हणजे कैरीचं लोणचं. अर्धी पेज संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मोबाइलवरच्या गेममध्ये पैसे गेले. बराकीतल्या चौघांचे देणे आहेत. तोंड कसं दाखवू?"

त्याला फौज नकोशी झाली नव्हती आणि तो देशद्रोहीही नव्हता. त्याला चौघांचं तोंड चुकवायचं होतं. आम्ही तिथूनच त्याच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना फोन लावला. मी आधी बोललो, मग तो. साहेब चिडले, आणि मग म्हणाले, "भेज दो, बात करेंगे." दुसऱ्या दिवशी बापाने त्याला थिवी स्टेशनवर गाडीत बसवलं. शिक्षा झाली. कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या अधिकारात २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडी देऊ शकतो. याला त्याहून कमी मिळाली, गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला, आणि कर्ज हप्त्याने फेडायचं ठरलं. आज तो नायक या हुद्द्यावर आहे.

तेव्हा आधी कारण विचारा. बहुतेक वेळा ते युद्धाची भीती हे नसतं. कर्ज, ठरलेलं लग्न मोडणं, सीनियरची मारझोड, आईचं आजारपण, अशी कारणं निघतात. मारझोड असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायचा हक्क आर्मी ॲक्टनेच दिला आहे. रजा वाढवून हवी असेल तर ती संपण्याआधी युनिटला फोन करा आणि त्याच दिवशी लेखीही पाठवा. खरंच आजारी असेल तर घरी झोपवून ठेवू नका. वास्कोला नौदलाचं आयएनएचएस जीवंती हॉस्पिटल आहे, तिथे दाखवलेल्याची नोंद ग्राह्य धरतात. युनिट लांब असेल आणि जायला धीर होत नसेल तर जवळच्या लष्करी तळावर, उदाहरणार्थ बांबोळीला, स्वतः हजर होता येतं. पकडून नेलेला आणि आपल्या पायाने आलेला यांत फरक केला जातो.

दोन्ही करा, फोनही आणि लेखीही, असं मी का सांगतो? एकदा एका जवानाचं रजावाढीचं पत्र माझ्या टपालाच्या ट्रेमध्ये चार दिवस न उघडता पडून राहिलं. बाप वारल्याचं त्यात लिहिलं होतं. तोवर त्याच्या नावाचा, त्याला पकडून आणा असा कागद मीच टाइप करून त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांना पाठवला होता. बाराव्याला घरी पोलीस आले. तो मुलगा नंतर भेटला तेव्हा मला काही बोलला नाही. ते मला अजून टोचतं.

१०. बिनरजा गैरहजर राहणं आणि पळून जाणं यात कायद्याने फरक काय?

फरक हेतूचा आहे. परत यायचंच नाही, किंवा एखादी महत्त्वाची कामगिरी चुकवायची, अशा हेतूने गेला तर ते पलायन, आर्मी ॲक्टचं कलम ३८. तसा हेतू नसेल, नुसता परवानगीशिवाय राहिला किंवा रजा उलटवली, तर कलम ३९, तीन वर्षांपर्यंत कैद. पलायनाला एरवी सात वर्षांपर्यंत. प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना किंवा तिचा हुकूम मिळाल्यावर पळाला तर कायद्यात मृत्युदंडापर्यंत तरतूद आहे.

तीस दिवस हा आकडा लक्षात ठेवा. इतके दिवस उलटले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, आणि नंतर तो हजर झाला नाही किंवा सापडला नाही तर कागदोपत्री पळालेला ठरतो. तीस दिवसांच्या आत परतलेल्याची गोष्ट बहुधा युनिटमध्येच मिटते.

नौदलाला १९५७ चा आणि हवाई दलाला १९५० चा वेगळा कायदा आहे. कलमांचे आकडे बदलतात, पण गैरहजेरी आणि पलायन हा भेद तिथेही आहे.

११. त्याला घरात ठेवला म्हणून आमच्यावर केस होईल का?

होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम १६४: पळून आलेला आहे हे माहीत असून आसरा दिला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. "जाऊ नकोस, मी बघतो" म्हणून चिथावणं हा कलम १६३ खालचा वेगळा गुन्हा, शिक्षा तेवढीच. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

आसऱ्याच्या कलमातून एकच नातं वगळलं आहे, नवराबायकोचं. बायकोने नवऱ्याला घरात घेतलं तर ती गुन्हेगार नाही. ही सूट आईला नाही. मला हे अपुरं वाटतं. कुठली आई दारात उभ्या असलेल्या लेकाला परत पाठवेल? पण कायदा आज असा आहे, म्हणून प्र. ९ मधला फोन आधी करा.

१२. पळून आल्याला खूप वर्षं झाली. आता सुटलो का?

नाही. लष्करी गुन्ह्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण पलायनाला ती लागू नाही. दहा वर्षांनीही बोलावू शकतात.

याला एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. युद्धसेवेवरचं पलायन नसेल आणि तो अधिकारी नसेल, तर परत आल्यावर सलग तीन वर्षं उत्तम सेवा केलेल्या जवानावर त्या जुन्या पलायनाचा खटला चालवता येत नाही. जुनं प्रकरण अंगावर असेल तर वकील गाठा. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं, म्हणजे सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ गोव्यासाठी आहे.

१३. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर पोर्तुगालच्या सैन्यात जावं लागेल का? आणि भारताच्या सैन्यात जाता येईल का?

पोर्तुगालने शांततेच्या काळातली सक्तीची सेवा २००४ मध्ये बंद केली. आता तिथे अठरा वर्षांच्या मुलामुलींना "राष्ट्रीय संरक्षण दिना"ला एक दिवस हजर राहावं लागतं. कायम परदेशात राहणाऱ्यांना त्यातून सूट मागता येते, पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीत विचारा. पोर्तुगालच्या घटनेत देशरक्षण हे कर्तव्य आहे, आणि सदसद्विवेकाने शस्त्र नाकारणाऱ्याला त्याऐवजी नागरी सेवेची सोयही त्याच घटनेत आहे.

भारतीय सैन्याचं दार मात्र बंद होतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं त्या कार्डावर, भरती होत नाही. घरात एका भावाचा पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसऱ्याची भरतीची तयारी अशी कुटुंबं बार्देशात आहेत. भावाच्या पासपोर्टमुळे दुसऱ्याचं नागरिकत्व जात नाही, पण स्वतःची माहिती लपवू नका (प्र. ७).

पासपोर्ट काढणाऱ्याला काही लोक "पळपुटा" म्हणतात. मला ते मान्य नाही. पोट भरायला इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेला माणूस कुठलीही लष्करी सेवा टाळत नसतो, कारण त्याच्यावर ती नव्हतीच.

१४. मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तिथे सक्ती येणार असं ऐकलं.

ब्रिटनमधली सक्तीची भरती १९६० मध्ये थांबली. मे २०२४ मध्ये निवडणुकीच्या प्रचारात ऋषी सुनक यांनी राष्ट्रीय सेवेची कल्पना मांडली होती. ते निवडणूक हरले. आज तिथे सक्ती नाही.

१५. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा सिंगापूरचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल तर?

इथे फसू नका. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीने कुणाला सैन्यात घेतलेलं नाही, तरी १८ ते २५ वयाच्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडली तर बोलावण्यासाठीच्या सरकारी यादीत, नाव नोंदवावं लागतं, आणि यात ग्रीन कार्डवालेही येतात. वैध स्टुडंट व्हिसा किंवा एच-वन-बीवरच्यांना ते लागत नाही. नाव नोंदवलं नाही तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला अडचण येते.

सिंगापुरात आईवडिलांच्या आधारे पीआर मिळालेल्या मुलग्यांना दोन वर्षांची पूर्णवेळ राष्ट्रीय सेवा करावी लागते. सेवा न करता पीआर सोडला तर नंतर तिथे शिक्षण किंवा नोकरीचा अर्ज करताना तो मुद्दा आड येतो. मुलगा पाच वर्षांचा असताना फॉर्म भरणाऱ्या बापाने तेरा वर्षं पुढचं पाहायला हवं.

१६. एजंट म्हणतो रशियात "हेल्पर"ची नोकरी आहे, लढायचं नाही. जाऊ का?

जाऊ नका. असंच सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना युक्रेनच्या आघाडीवर उभं केलं गेलं, काही मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या मानवी तस्करीवर कारवाई केली. बोटीवर काम करायची आपल्या गोव्याची जुनी रीत आहे, म्हणून परदेशातल्या करारावर आपण चटकन सही करतो. करार समजत नसलेल्या भाषेत असेल तर पेन खाली ठेवा.

१७. माझा धर्म किंवा माझं मन हिंसेला तयार नाही. भारतात "विवेकी नकार" कायद्याने मान्य आहे का?

असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, कारण सक्तीच नसल्याने त्याची गरज पडली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये म्हटलं की हा हक्क विचार आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्यातूनच निघतो. दक्षिण कोरियाने २०२० मध्ये तुरुंगात ३६ महिने काम करण्याची पर्यायी सेवा सुरू केली. त्याआधी अनेक वर्षं तिथे नकार देणारी मुलं थेट तुरुंगात जात होती.

भरती झाल्यानंतर मन बदललं तर आपल्याकडे विवेक हे कारण म्हणून कायद्यात नाही. घटनेच्या कलम ३३ खाली सैनिकाचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते. वाट प्र. ८ मधलीच. उद्या भारतात सक्ती आली तर पर्यायी सेवेची सोय पहिल्या दिवसापासून असावी, असं माझं ठाम मत आहे. बंदूक धरायला हात थरथरणारा मुलगा पुराच्या पाण्यात उतरून माणसं काढू शकतो.

१८. कीर्तनात बुवा अर्जुनाचा दाखला देतात. मग नकार देणं अधर्म नाही का?

अर्जुनाने नकार कुठे दिला ते बघा. दोन्ही सैन्यांच्या मध्ये, रथात उभं राहून, सगळ्यांसमोर, कारणं सांगत. रात्री छावणीतून पळाला नाही. कृष्णाने त्याला भित्रा म्हटलं, पण त्याचे प्रश्न ऐकून घेतले, आणि शेवटी "तुला वाटेल तसं कर" असंही म्हटलं. बुवा हा शेवटचा भाग बहुधा सांगत नाहीत. शिवाय अर्जुन क्षत्रिय होता, सेनेत होता. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला तो दाखला जसाच्या तसा लावता येत नाही.

ख्रिस्ती वाचकांसाठी: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, विवेकाने शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावं, असं म्हटलं आहे. त्याच ठिकाणी देशासाठी लढणाऱ्याचाही मान राखला आहे.

१९. आपल्या गोव्यात सैनिकांनी हुकूम नाकारल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि सत्तरीतल्या घराघरांत त्याच्या गोष्टी आहेत. १८९५ मध्ये पोर्तुगीज सरकारने इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम दिला. तिथलं बंड मोडायला. समुद्रापार जाण्याबद्दलची धर्मभावना होती, मागे राहणाऱ्या बायकापोरांची चिंता होती. शिपायांनी नकार दिला, सप्टेंबरमध्ये बंड केलं, आणि सत्तरीचे राणे त्यांच्यासोबत उभे राहिले. ते मोडायला लिस्बनहून राजाचा भाऊ दों अफोंसो फौज घेऊन आला.

कायद्याच्या भाषेत ते बंडच. मला ते शिपाई बरोबर वाटतात. गोव्यात चाकरी करायला सही केलेल्या माणसाला दुसऱ्या गुलाम लोकांवर बंदूक चालवायला नेणं हा करार नव्हता. मात्र त्या बंडाच्या धामधुमीत गावं लुटली गेली, गरिबांचं धान्य गेलं, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगितल्याशिवाय मुलांना ही गोष्ट सांगू नये.

दुसरं उदाहरण पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या बाजूचं. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता, मरेपर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो पाळला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्यांच्या हाताखालची हजारो माणसं जिवंत घरी गेली, पणजी वाचली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकलं. मान परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर. आणि त्याच कारवाईत आपल्या बाजूने अंजदीव बेटावर उतरताना नौसैनिक पडले. वास्कोच्या आयएनएस गोमंतकवर सात तरुण नौसैनिकांचं स्मारक आहे. नकाराचं कौतुक करताना मी त्या सातांना विसरत नाही.

२०. म्हणजे आजचा जवानही चुकीचा हुकूम नाकारू शकतो?

आर्मी ॲक्टचं कलम ४१ वरिष्ठाचा "कायदेशीर" हुकूम मोडण्याला शिक्षा देतं. उघड बेकायदा हुकूम, म्हणजे शरण आलेल्या माणसाला मार, बाईवर हात टाक, हा त्यात बसत नाही. "हुकूम पटत नाही" आणि "हुकूम बेकायदा आहे" या दोन वेगळ्या गोष्टी. उणे वीस अंशात पहाऱ्याला उभं राहणं कुणालाच पटत नाही, पण तो हुकूम कायदेशीर असतो.

२१. मुलाने सैन्यात जायला नकार दिला. वाड्यावर लोक भित्रा म्हणतात.

म्हणणाऱ्यांपैकी किती घरांतून कुणी गेलंय ते मोजा. मी अठरा वर्षांत ज्यांच्याबरोबर राहिलो ते जवान दुसऱ्याच्या पोराला भित्रा म्हणत नाहीत. बर्फात पाय काळे पडलेला माणूस कुणालाही असा शब्द वापरत नाही.

२२. नाव न सांगता विचारता येईल का?

येईल. मी युनिट, नंबर, गाव काही विचारत नाही. रजा उलटून किती दिवस झाले, एवढं मात्र पहिल्याच वाक्यात सांगा, कारण तीस व्हायला किती उरले त्यावर पुढचं सगळं ठरतं. रविवारी सकाळी सातनंतर मुलं घरी गेली की मी मैदानाच्या कठड्यावर बसलेला असतो. आईला किंवा बहिणीला पाठवलंत तरी चालेल.